बैलाचं गाणं अल्मोड्याला

माझा स्टुडिओ तांदळाच्या गोदामात आहे, हे मी पहिल्या फोनवर कुणालाच सांगत नाही. माणूस कामशेतच्या बाजारातून विचारत विचारत आमच्या दुकानापाशी येतो, नवरा त्याला चहा पाजतो, आणि "चला, वर चला" म्हटल्यावरच त्याला काय ते कळतं. खाली आमचं धान्याचं दुकान, वर गोदाम आणि गोदामाच्या एका कोपऱ्यात प्लायवूडची भिंत घालून केलेली माझी खोली. तीन बाजूंना इंद्रायणी तांदळाची पोती छतापर्यंत रचलेली. मोठ्या स्टुडिओत भिंतींना फोम लावतात, आमच्याकडे पोती लावतात. आवाज त्यांच्यात छान मुरतो. गाड्यांचा आवाज तेवढा आत येतो. म्हणून लोकलचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलंय, आणि दोन गाड्यांच्या मधे गाणं उरकायची आम्हाला सवय झाली आहे.

आमच्याकडे हळदीची गाणी होतात, वाढदिवसाची होतात, गावच्या यात्रेची होतात, पण सगळ्यात जास्त होतात ती बैलांची. ज्याच्या दावणीला शर्यतीचा बैल आहे त्याला त्या बैलाचं गाणं हवं असतं. मी मूळची लोणावळ्याची. लग्नाआधी पेटी शिकवायचे, ऑर्केस्ट्रात गायचे. बैलाशी माझा संबंध कधी आला नव्हता. आता मात्र शिंगांच्या वळणावर आणि पाठीवरच्या भोवऱ्यावर मी अर्ध्या तासात कडवं लिहून देते.

कामाला आम्ही दोघं. मी शब्द, चाल, पेटी, कोरस आणि रेकॉर्डिंग. दुसरे ढोलकीवाले भाऊ. त्यांचं बाजारात टेलरिंगचं दुकान आहे. चार पिढ्यांचं कामशेतचं मुसलमान घर, आणि मावळातली एकही यात्रा त्यांच्या ढोलकीवाचून गेलेली नाही. गळाही असा की मुख्य गाणं तेच म्हणतात. रेकॉर्डिंग झालं की उरतं मिक्सिंग. ढोलकी, पेटी, गळा, कोरस हे सगळं वेगवेगळं रेकॉर्ड केलेलं असतं. ते एकमेकांत असं बसवायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, ही माणसं एका ओसरीवर बसून गातायत. हे काम मी नऊ वर्षं एकटीने केलं. कानाला हेडफोन लावून, तासन्‌तास.

मग एका लग्नसराईच्या शेवटी उजव्या कानात शिट्टी वाजायला लागली.

आधी मला वाटलं, कुकर. खाली जाऊन गॅस बघितला. मग वाटलं, यंत्रात काहीतरी बिघडलंय. यंत्र बंद केलं तरी शिट्टी चालूच. त्या आठवड्यात एका हळदीच्या गाण्याचं मिक्सिंग करून पाठवलं, तर नवरीच्या मामाचा फोन आला, "ताई, गाणं चांगलंय, पण स्टीलची भांडी पडल्यासारखं का वाजतंय?" मी परत ऐकलं. मला तर सगळं ठीकच वाटत होतं. भाऊंना ऐकवलं. ते गळ्यातल्या मापाच्या टेपशी चाळा करत बसले आणि मग हळूच म्हणाले, "वहिनी, एकदा कान दाखवून घ्या."

तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी कान तपासला आणि म्हणाल्या, "कान थकलाय. सहा महिने हेडफोन बंद."

"सहा महिने? माझा तो धंदाच आहे."

"मग धंदा चालू ठेवा, हेडफोन बंद ठेवा."

परतीच्या लोकलमध्ये मला रडूच आलं. घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि तराजूवरचा हात न काढता म्हणाला, "भात आपण लावतो, पण सडायला गिरणीत देतोच की. हेही दे कुणाकडे तरी." त्याला गाण्यातलं काही कळत नाही, पण ते बोलणं मला पटलं.

पटलं तरी देववेना. आपण निवडलेली, चिरलेली भाजी दुसऱ्याच्या चुलीवर फोडणीला टाकायची म्हणजे कसं वाटतं, तसं वाटत होतं. पहिलं गाणं दिलं एका ओळखीच्या माणसाकडे. त्याने हळदीचं गाणं असं करून पाठवलं की ढोलकी ऐकूच येईना, नुसती छाती धडधडत होती. भाऊंनी ते ऐकलं आणि विचारलं, "मी वाजवलेलं ह्यात कुठंय?"

शेजारणीला मी बोलता बोलता म्हटलं, "मिक्सिंग बाहेर द्यायचं चाललंय." तर ती म्हणाली, "बाहेर कशाला? आमचा मिक्सर आहे की. चटणी वाटून घे आणि आणून दे." त्या दिवसांत मी हसले ते एवढंच.

संगीताचं काम करणाऱ्यांचा एक ऑनलाइन ग्रुप होता. तिथे मी लिहिलं की ढोलकीची आणि पेटीची गाणी आहेत, गावाकडची आहेत, गावाकडचीच राहिली पाहिजेत. चार-पाच जणांनी नमुने पाठवले. त्यात एक होता अल्मोड्याजवळच्या डोंगरातल्या एका बाईचा. तिकडच्या लग्नात वाजवतात तो ढोल होता. फोनवर, बारीक आवाजात, डाव्या कानाने ऐकला. ढोल समोरच्या उतारावरून चालत येतोय आणि आपण अंगणात उभे आहोत, असं वाटलं. मी भाऊंना हाक मारली. त्यांनी दोनदा ऐकला आणि म्हणाले, "हिला चामडं कळतं."

तिचा पहिला फोन आला तेव्हा कळलं, ती दिल्लीत हे काम शिकली, तिथे काही वर्षं नोकरी केली, आणि आईची तब्येत बिघडल्यावर गावी परतली. घराच्या वरच्या खोलीत संगणक मांडून काम करते. मराठी तिला अजिबात येत नाही. माझी हिंदी ऑर्केस्ट्रापुरती. "दीदी, आप बस भेज दीजिए," ती म्हणाली. "बाकी मैं सुन लूँगी."

मी पाठवलं, आणि पहिल्याच गाण्यात घोळ घातला. ढोलकी जिथे सुरू होते तिथून ढोलकीची फाइल कापली, गाणं सुरू होतं तिथून गाण्याची. प्रत्येक तुकडा वेगळ्या जागी सुरू. तिने सगळे तुकडे अंदाजाने जुळवले, तर ढोलकी एक मात्रा मागे राहिली. ऐकून भाऊ उभेच राहिले. "माझा हात चुकला?" चेहरा इतका पडला की मीच घाबरले. तिने फोनवर समजावलं की प्रत्येक फाइल एकाच शून्यापासून सुरू करायची, पुढे दोन मिनिटं शांतता असली तरी शांततेसकट पाठवायची. भाऊंना हे लगेच कळलं. "म्हणजे बाही लहान असली तरी माप खांद्यापासनंच घ्यायचं." तेव्हापासून आमच्याकडे या नियमाचं नाव 'खांद्यापासून' असं आहे.

हळूहळू आमची भाषा बसली. मी शब्द शोधत बसायचे आणि शेवटी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे. "पेटी जरा पातळ हवी, कढीसारखी." "कोरस गिचका झालाय." ती गिचका म्हणजे काय विचारायची. मी सांगायचे, भातात पाणी जास्त झाल्यावर होतो तो. तासाभरात कोरस मोकळा, शीत न्‌ शीत वेगळं.

आषाढात एक दिवस तिने विचारलं, "दीदी, आपने कमरा बदला है क्या?"

"नहीं तो."

"आवाज़ पीछे से टकरा रही है. जैसे दीवार नंगी हो गई हो."

मी मागे वळून बघितलं. मागची पोत्यांची थप्पी गायब होती. सकाळीच नवऱ्याने खानावळीच्या ऑर्डरला काढली होती. पंधराशे-सोळाशे किलोमीटरवरून तिने आमचा तांदूळ विकला गेलेला ओळखला. मी खाली जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग गंभीर झाला, आणि त्याने वर जुन्या गोधड्यांची चळत आणून टाकली. आता थप्पी हलवायची वेळ आली की तो जिन्यातून ओरडतो, "ही काढू का, की तिकडे विचारायचंय?"

श्रावणात आबा आले. पवनेकडच्या एका गावचे शेतकरी, सत्तरीच्या आसपासचे. माझ्याकडे त्यांच्या बैलाची दोन गाणी आधी झाली होती, दोन्ही जिंकल्याची.

"वैनी, गानं करायचं हाय."

"कुठला घाट मारला?" मी वही उघडत विचारलं. घाट म्हणजे शर्यतीचा रस्ता.

"न्हाई मारला. आता त्यो पळणारच न्हाई. अकरा वर्सं पळला, लय झालं. पोळ्याला त्याला मोकळा करायचा. जिंकल्याची गानी समदीच करत्यात. थांबल्याचं एक करू."

मी पेन खाली ठेवलं. थांबल्याचं गाणं कुणी कधी मागितलं नव्हतं.

"आन त्यात दोन वळी मी म्हननार," आबा म्हणाले. "आन एक हाळी."

त्या दोन ओळी त्यांनी स्वतः जुळवून आणल्या होत्या:

खूर तुझं वाजलं, काळीज माझं हाललं,
अकरा वर्सं राजा, तूच मला चालवलं.

आता हे लिहिणाऱ्या माणसाला गाता येतं की नाही, हा प्रश्न मी विचारला नाही. गाता येत नव्हतंच. हेडफोन लावला तर म्हणाले, "हे लावलं की मीच माझ्या पाठीमागनं बोलतोय असं वाटतंय." म्हणून हेडफोन काढला. भाऊ त्यांच्यासमोर पाटावर बसले आणि गुडघ्यावर नुसत्या बोटांनी ताल देत राहिले. आबांनी डोळे मिटून दोन ओळी म्हटल्या. सूर पायवाटेसारखा चालला, कधी इकडे, कधी तिकडे, पण पोचला. मग त्यांनी हाळी दिली, बैलाला बोलवायची हाक. तिला अक्षर नाही. घशात सुरू होते आणि जिभेवर थरथरत संपते. माळ्यावरची कबुतरं उडाली आणि खालून नवऱ्याने विचारलं, "काय पडलं?"

सगळं खांद्यापासून मोजून अल्मोड्याला पाठवलं. चार दिवसांनी गाणं आलं. फोनवर हळू ऐकलं, फार गोड वाटलं. आबांना बोलावलं. दुकानातल्या बाकावर बसवलं, लहान स्पीकर लावला. भाऊ आणि नवरा उभे. गाणं संपलं तरी आबा स्पीकरकडेच बघत होते.

"ह्यो कोन?"

"कोण?"

"त्या दोन वळी म्हननारा."

"आबा, तुम्हीच ते."

"मी न्हाई. ह्यो बरा गातोय." मग थोडं थांबून, "आन हाळी कुटं गेली?"

हाळी खरंच नव्हती. आणि मला ते कळलंही नव्हतं. त्यांच्या त्या वाकड्यातिकड्या सुराला यंत्राने ताठ केलेलं, तेही कळलं नव्हतं. मला तर फक्त गोड लागलं होतं. एवढी वर्षं या कामात घालवून दोन महत्त्वाच्या गोष्टी माझ्या हातून निसटल्या, याची फार लाज वाटली. चूक माझीच होती. काय ठेवायचं, हे मी तिला लिहून पाठवलंच नव्हतं.

मी तिथेच तिला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी काही बोलायच्या आत आबा पुढे सरकले.

"ओ बाई, नमस्कार. तुमने हमारा आवाज धुतलं कशाला?"

"जी? क्या किया?"

"धुतलं. एकदम सफेद करके टाकलं."

मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बाबूजी, सुर थोड़ा इधर-उधर था, तो मैंने ठीक कर दिया."

"इधर-उधर है तो है. वो मेरा है."

ती म्हणाली, "अच्छा. और वो जो कोई बीच में चिल्लाया था, वो भी रखना था?"

"चिल्लाया नहीं! वो हाळी है. बैल को बुलाने का."

"बैल को?" तिचा आवाजच बदलला. "दीदी, यह गाना बैल का है?"

मग उलगडा झाला. 'राजा' कोण, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अकरा वर्षं, काळीज, थरथरता म्हातारा आवाज हे सगळं ऐकून तिची अशी समजूत झाली होती की कुणीतरी जवळचं माणूस गेलंय आणि हे त्याचं शोकगीत आहे. म्हणून तिने खूप लांबवर विरत जाणारा घुमारा लावला होता. "मैं तो मिक्स करते-करते रोई भी थी," ती म्हणाली. "मुझे लगा कोई गुज़र गया."

आबा बाकावरून उठलेच. "गुजरा नहीं! गोठे में खडा है! पेंढा खाता है!"

दुकानात जे हसू फुटलं ते आवरेना. भाऊ पोत्यावर डोकं टेकून हसत होते. एक गिऱ्हाईक बाई रवा घ्यायला आली होती, तिला काहीच माहीत नव्हतं, तीही हसायला लागली. आणि फोनमधून ती बाई, हसताना श्वास लागलेली, "माफ़ करना बूबू, माफ़ करना." बूबू म्हणजे त्यांच्याकडे आजोबा. आबांना ते नाव आवडलं. "काय म्हनली? बूबू? म्हनू दे."

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, तिच्या वडिलांचीही बैलजोडी होती. डोंगरातल्या पायऱ्यांच्या शेतात ती चरायला सोडायचे आणि संध्याकाळी वरच्या डोंगरधारेवरून हाक मारायचे. तिने आबांना हाळी पुन्हा द्यायला सांगितलं. आबांनी भर दुकानात दिली. समोरच्या भांड्यांच्या दुकानातली माणसं बाहेर आली. मग तिने तिच्या वडिलांची हाक काढून दाखवली. बारीक, उंच, लांबच लांब जाणारी. आबा कान देऊन ऐकत होते. "ही लांबची हाळी हाय," ते म्हणाले. "दरीपल्याडची. आमची जवळची. पर बैल दोनीला यील."

ती म्हणाली, खोलीत दिलेली हाळी नको. जिथे रोज देतात तिथेच ती रेकॉर्ड करून पाठवा, आणि बैलाच्या गळ्यातली घंटाही.

म्हणून आम्ही आबांच्या गावी गेलो. पाऊस बारीक, पण थांबायचं नाव नाही. भाऊंनी रेकॉर्डरवर छत्री धरली आणि स्वतः भिजले. गोठ्यात बैल उभा होता, पांढरा, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखा काळा. मी म्हटलं, "आबा, द्या हाळी." आबांनी बैलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय झालं?"

"त्यो तर हितं उभा हाय. बोलवू कुनाला?"

तेही खरंच. मग ते चिखल तुडवत खालच्या बांधापर्यंत गेले. मी गोठ्याच्या दारात, भाऊ छत्री घेऊन. दुरून हाळी आली. त्यासरशी बैलाने मान वर केली, कान फिरवले आणि दाव्याला असा हिसका दिला की घंटा दणदणली. पुन्हा हाळी, पुन्हा घंटा. दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमध्ये मिळालं. आबांची बायको, जिला मी मावशी म्हणते, शेणाचं घमेलं घेऊन बाजूला उभी होती. ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मला न्हाई कदी अशी हाक मारली."

ते वाक्यही रेकॉर्ड झालं, हे मला घरी येऊन ऐकल्यावर कळलं.

पोळा तीन दिवसांवर. आमच्याकडे तो भाद्रपदात असतो. आणि नेमकं त्याच दिवशी रस्त्याच्या खोदकामात कामशेतातली इंटरनेटची तार तुटली. फोनवर फाइल जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी पेनड्राइव्ह पदरात बांधला आणि लोकलने माहेरी लोणावळ्याला गेले. माझा सख्खा भाऊ तिथला बंगला पर्यटकांना भाड्याने देतो, तिथे वायफाय चांगलं. पण त्या दिवशी बंगल्यात मुंबईची बारा माणसं. बाहेर धुकं इतकं की कुठे जाता येईना, सगळी गाद्यांवर लोळून फोनवर काहीबाही बघत होती. माझी फाइल मुंगीच्या पावलाने चालली होती. शेवटी मी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि सांगितलं, एका बैलाचं गाणं पाठवायचंय, अर्धा तास तुमचे फोन वायफायवरून काढाल का?

ते एकमेकांकडे बघायला लागले. एक काकू म्हणाल्या, "काढतो, पण आधी ऐकवा." मी ऐकवलं. मग त्यांनी फोन बंद केले, भजी मागवली, आणि अर्ध्या तासात त्या बैलाबद्दल इतके प्रश्न विचारले की फाइल कधी पोचली ते कळलंच नाही.

संध्याकाळी तिचा फोन. "दीदी, घंटी के बाद एक औरत कुछ कहती है. क्या कहती है?" मी अर्थ सांगितला. ती बराच वेळ हसली आणि म्हणाली, हे मला ठेवायचंय, त्यांना विचारा. मी मावशीला फोन केला. मला वाटलं लाजेल, नको म्हणेल.

"वाजवा की," मावशी म्हणाली. "समद्या गावाम्होरं ऐकू दे त्येंना. पर आदी सांगू नका."

पोळ्याच्या सकाळी गाणं आलं. डॉक्टरीणबाईंनी नुकतीच रोज पंधरा मिनिटं हेडफोन लावायची सूट दिली होती. ती मी त्या गाण्यावर खर्च केली. आबांचा सूर पायवाटेवरून चालत होता, जसा होता तसा. तिने फक्त त्याच्या बाजूला पेटी थोडी सरकवून त्याला टेकायला जागा दिली होती. आणि हाळी उजवीकडे लांबून येत होती, घंटा डावीकडे जवळ.

दुपारी गावात गेलो. पाऊस उघडला होता. देवळासमोर शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल. टेम्पोवर मोठे स्पीकर. आबांनी बैलाच्या गळ्यातला कासरा एका पुतण्याच्या हातात दिला आणि स्वतः आमच्याजवळ येऊन उभे राहिले. गाणं लागलं. भाऊंचा गळा, मग कोरस, मग आबांच्या दोन ओळी. माणसं वळून आबांकडे बघायला लागली. आबा जमिनीकडे बघत होते.

मग स्पीकरमधून हाळी आली आणि बैल निघाला. थेट टेम्पोकडे. पुतण्या मागे घसरत चाललेला, समोरची माणसं बाजूला पळाली. बैलाने स्पीकरपाशी जाऊन नाक लावलं, हुंगलं. आबा ओरडले, "आरं, हिकडं हाय मी!" आणि त्यांनी तोंडाने हाळी दिली. बैल वळला. तेवढ्यात स्पीकरमधली दुसरी हाळी. बैल परत वळला. दोन आबांच्या मधे तो बिचारा शेपटी उडवत उभा राहिला, आणि सगळा गाव हसता हसता वाकला.

गाणं संपत आलं. शेवटची घंटा विरली, आणि त्या शांततेत मावशीचा आवाज आला, स्वच्छ, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा: "मला न्हाई कदी अशी हाक मारली."

आधी बायका हसल्या, मग सगळेच. आबांचे कान लाल झाले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, बायकांच्या घोळक्याकडे बघितलं आणि मावशीचं माहेरचं नाव घेऊन अशी एक मोठी हाक मारली की माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "बया! तीस वर्सांत ऐकलं न्हवतं हे नाव." मावशी आली नाही. तिथूनच पदर तोंडावर घेऊन म्हणाली, "आता येळ झाला, गाय धारेला आली."

हे सगळं भाऊंनी फोनवर टिपून अल्मोड्याला पाठवलं. तिने आईला दाखवलं. आईने आणखी दोनदा बघितलं.

कान आता बरा आहे. शिट्टी पूर्ण गेली नाही, पण लांब गेली आहे, गावाबाहेरच्या गिरणीसारखी. मिक्सिंग मी परत हातात घेतलं नाही. त्या वेळात दुपारी बाजारातल्या पाच जणींना पेटी शिकवते. आणि प्रत्येक गाण्यासोबत मी आता चिठ्ठी लिहिते: हे गाणं कुणाचं, तो माणूस आहे की बैल, जिवंत आहे का, यातलं काय पुसायचं नाही.

मागच्या महिन्यात मात्र काम उलट्या बाजूने आलं. तिची आई तरुणपणी म्हणायची ते एक गाणं ती रेकॉर्ड करत होती आणि तिला पेटी हवी होती. तिने चाल पाठवली, सोबत मोठी चिठ्ठी. मी पोत्यांच्या मधे बसून वाजवलं, भाऊंनी दाद दिली, पाठवून दिलं. तासाभरात उत्तर आलं: सुंदर आहे, पण भात्याचा श्वास फार ऐकू येतोय, पुन्हा वाजवा. मी पुन्हा वाजवलं. परत उत्तर: आता श्वास गेला, पण तुम्हीही गेलात, पहिल्यासारखं वाजवा. तिसऱ्या वेळी मी चिठ्ठी बाजूला ठेवली, भाऊंना गप्प बसायला सांगितलं, आणि पावणेतीनची लोकल जाईपर्यंत भात्यावर हात ठेवून थांबून राहिले. मग जसं येतं तसं, श्वासासकट वाजवलं.